तिवरा, उंदीर आणि औषधाची वेळ

(रायपूर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ चालते, त्यांना लांबलचक प्रस्तावनांचा कंटाळा होता असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत दोन टप्प्यांत पोचतो. पहिली पेशी मेंदूत असते आणि तिचा लांब तंतू मज्जारज्जूत उतरतो. दुसरी पेशी मज्जारज्जूत बसलेली असते आणि तिचा तंतू थेट स्नायूत शिरतो. या दोन्ही प्रेरक चेतापेशी हळूहळू मरू लागल्या की त्या आजाराला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार एएलएस. आधी सदऱ्याचं बटण लागेनासं होतं, चप्पल पायातून निसटते, जीभ जड होते, घास गिळताना ठसका लागतो आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेक रुग्ण तीन ते पाच वर्षांत जातात. डोकं बहुतेकांचं शेवटपर्यंत शाबूत असतं, आणि घरच्यांना तेच जास्त जड जातं.

अशा रुग्णाबरोबर ओपीडीत हल्ली एक पुतण्या किंवा भाचा हमखास येतो. त्याने मोबाइलवर काहीतरी वाचून ठेवलेलं असतं. तो विचारतो, "डॉक्टरसाहब, चूहों पे तो काम किया है, फिर हम क्यों न दें?" औषध बहुधा अँटिऑक्सिडंट जातीचं असतं. ई जीवनसत्त्व, अल्फा लायपोइक आम्ल, कोएन्झाइम क्यू-टेन, नाहीतर ग्लुटाथायोनची सलाईन. मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटत नाही. उंदरांवर ही औषधं खरंच चालली आहेत. एका बाबतीत तर ती या तुमच्या भागातल्या आजारासाठीच तपासली गेली आणि चालली. मग माणसावर का चालू नयेत? आजचं व्याख्यान एवढ्या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे, आणि त्यासाठी बोस्टनला किंवा टोकियोला जाण्याआधी आपण रायपूरच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांत जाऊ.

तुम्ही ज्याला तिवरा म्हणता, उत्तरेकडे खेसारी म्हणतात आणि आमच्या भंडारा-गोंदियाकडे लाख किंवा लाखोळी म्हणतात, ते कडधान्य सगळ्यांच्या परिचयाचं आहे. धान कापायला थोडे दिवस राहिले, बांधीत अजून ओल आहे, तेव्हा उभ्या पिकातच बी फेकून द्यायचं. ही उतेरा पद्धत. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघतं आणि खालून तिवरा वर येतो. थंडीत कोवळ्या शेंड्यांची तिवरा भाजी इथल्या बाजारात ढिगाने येते आणि लोक ती आवडीने खातात. त्यात काही गैर नाही, हेही आताच सांगून ठेवतो, नाहीतर घरी गेल्यावर कुणीतरी भाजी टाकून देईल.

तिवऱ्याचा गुण आणि दोष एकच. सगळं मेलं तरी तो जगतो. म्हणून दुष्काळात माणसाच्या ताटात तो एकटाच उरतो. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागरकडच्या गावांत काय घडलं ते लिहून ठेवलं आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पाऊस पडला नाही, १८३१ साली पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षं तिवरा मात्र तरारून आला आणि लोक तोच खाऊन राहिले. १८३३ च्या सुमारास तिशीच्या आतली धट्टीकट्टी माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी छत्तीसगढ होरपळलं, तेव्हाही मध्य प्रांतात हीच कहाणी पुन्हा घडली. या रोगाला लॅथिरिझम हे नाव मात्र इटलीत, नेपल्सच्या कांतानी या वैद्याने १८७३ साली दिलं, कारण युरोपातही गरिबांनी दुष्काळात हेच केलं होतं. १९४२-४३ साली रुमानियन अमलाखालच्या वाप्नियार्का इथल्या छावणीत ज्यू कैद्यांना महिनोन्‌महिने याच दाण्यांवर ठेवलं आणि शेकडो कैदी पांगळे झाले. त्यांच्यातच असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला.

हा आजार ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. पाय ताठ होतात, पोटऱ्यांचे स्नायू आखडतात, माणूस चवड्यांवर चालतो आणि चालताना एक पाय दुसऱ्यापुढे कातरीसारखा येतो. जुन्या डॉक्टरांनी या आजाराच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजल्या. काठीशिवाय चालणारा, एक काठी लागणारा, दोन काठ्या लागणारा आणि शेवटी हातांवर घसटत जाणारा. संवेदना शाबूत, बुद्धी शाबूत. मार मुख्यतः वरच्या प्रेरक चेतापेशींवर, म्हणजे मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या पेशींवर. हा एएलएसचा सख्खा भाऊ नव्हे. पण घराणं एकच. मोठा फरक असा की तिवरा थांबला की हा आजार बहुधा वाढायचा थांबतो. तो मारत नाही, लंगडं करून सोडतो.

दोष कशात आहे ते १९६४ साली कळलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी तिवऱ्याच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ, शास्त्रज्ञ त्याला ओडॅप किंवा बोआ म्हणतात. ते ग्लुटामेटसारखं दिसतं. ग्लुटामेट हा मेंदूतला निरोप्या. तो आला की पुढची पेशी चेतते आणि काम झालं की त्याला उचलून नेलं जातं. ओडॅप त्याच दारात जाऊन बसतं आणि हलत नाही. पेशी चेततच राहते, कॅल्शियम आत घुसत राहतं आणि पेशी स्वतःच्याच उत्साहात मरते. गंमत पहा, हाच रेणू चिनी औषधी जिनसेंगच्या एका जातीत सापडतो आणि तिथे तो रक्तस्राव थांबवणारा म्हणून नावाजला जातो. विष की औषध हे बऱ्याचदा मात्रेवर आणि ताटात आणखी काय आहे यावर ठरतं.

आता उंदरांकडे येऊ. बंगळूरच्या निम्हान्समध्ये विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने नव्वदच्या दशकात एक साधा प्रश्न विचारला. ग्लुटामेटची दारं सगळ्या मेंदूत आहेत, मग या विषाने नेमके हालचालींचेच भाग का जातात? त्यांनी नर उंदरांना हे विष दिलं आणि मेंदूचे व मज्जारज्जूचे तुकडे वेगवेगळे तपासले. पेशीची ऊर्जा मायटोकाँड्रियात तयार होते आणि त्या कामाची पहिली पायरी म्हणजे कॉम्प्लेक्स वन नावाचं संकुल. हे संकुल दोनच ठिकाणी बंद पडलेलं दिसलं. एक, मेंदूचा हालचालींचा भाग. दुसरं, मज्जारज्जूचा कमरेखालचा भाग. लॅथिरिझमच्या रुग्णाचं दुखणं नेमकं इथेच असतं. विष बराच काळ देत राहिल्यावर याच भागांतल्या पेशींना पोकळ्या पडल्या आणि त्यांच्या फांद्या सुजल्या.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातले दोन बारकावे मला फार आवडतात. त्यांनी विषाची आरशातली प्रतिमाही देऊन पाहिली. म्हणजे तेच अणू, तेवढेच अणू, फक्त रचना डावी-उजवी उलटी. तिने काही झालं नाही. तेव्हा मामला कुठल्याही आम्लाचा नसून दारात बरोबर बसणाऱ्या किल्लीचा होता. दुसरा बारकावा असा. प्रथिनांवर गंधक आणि हायड्रोजन यांच्या जोड्या असतात. ऑक्सिडीकरण झालं की हायड्रोजन निघून जातो आणि शेजारचे दोन गंधक एकमेकांना चिकटतात. या चिकटण्यानेच संकुल बंद पडलं असेल, तर ते सोडवल्यावर पुन्हा चालू व्हायला हवं. त्यांनी विष दिलेल्या उंदरांच्या मज्जारज्जूतून मायटोकाँड्रिया काढले, त्यांत गंधकाचे बंध सोडवणारं एक रसायन घातलं आणि संकुल पुन्हा काम करू लागलं. म्हणजे ते मेलेलं नव्हतं, अडकलेलं होतं. मला विचाराल तर या देशात झालेल्या मेंदूविज्ञानाच्या नेटक्या प्रयोगांपैकी हा एक आहे, आणि तो आपल्या गरिबांच्या डाळीवर झाला.

आणि आता त्या पुतण्याच्या प्रश्नाचा गाभा. या उंदरांत पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, घटलेलं होतं. म्हणून त्यांनी काही उंदरांना ग्लुटाथायोनचं पेशीत शिरू शकेल असं रूप आणि काहींना अल्फा लायपोइक आम्ल दिलं. कॉम्प्लेक्स वन वाचलं. शंभर टक्के खरी गोष्ट. पण मूळ निबंधात एक शब्द आहे तो बातमीत येत नाही. औषध आधी दिलं होतं. आधी औषध, मग विष.

शाकारणी मृगाआधी करतात, आढ्यातून धार लागल्यावर नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाला मृग कधी येणार ते माहीत असतं, कारण सिरिंज त्याच्याच हातात असते. आमच्याकडे रुग्ण येतो तेव्हा घर केव्हाच भिजलेलं असतं. लॅथिरिझमचा रुग्ण येतो तो पाय ताठ झाल्यावर. एएलएसचा रुग्ण येतो तेव्हा स्नायू बारीक झालेला दिसतो, याचा अर्थ त्याच्या कितीतरी प्रेरक पेशी त्याआधीच गेलेल्या असतात. त्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

याचा अर्थ प्रयोग खोटा होता असा मुळीच नाही. त्या संशोधकांना यंत्रणा उलगडायची होती आणि यंत्रणा उलगडायला आधी औषध देणं हाच योग्य मार्ग. खोट आहे ती वाचण्यात. 'हे विष या वाटेने मारतं' या वाक्याचं 'हे औषध या रुग्णाला तारतं' असं वाक्य आपण करून टाकतो.

एएलएसच्या उंदरांची गोष्ट याहून मोठी आणि जरा खेदाची आहे. १९९३ साली काही एएलएस घराण्यांत एसओडी-वन नावाच्या जनुकात बिघाड सापडला. हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगतं ते शरीरातलं ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप निकामी करतं, म्हणजे ते स्वतःच एक अँटिऑक्सिडंट. सगळ्यांनी हात चोळले. रखवालदार नाही, म्हणून चोरी झाली. बाहेरून अँटिऑक्सिडंट दिलं की काम झालं. पुढच्याच वर्षी हे मानवी बिघडलेलं जनुक घातलेला उंदीर तयार झाला. तो साधारण तीन महिन्यांचा झाला की त्याचे मागचे पाय थरथरू लागतात आणि चार-साडेचार महिन्यांत तो संपतो. पण १९९६ साली हे जनुक पूर्ण काढून टाकलेले उंदीर तयार झाले आणि त्यांना एएलएस झालाच नाही. म्हणजे रखवालदार गैरहजर असणं हा दोष नव्हता. बिघडलेला रखवालदारच विषारी होता. त्यामुळे अँटिऑक्सिडंटच्या मागचा मूळ तर्क बराच लंगडा झाला, तरी औषधं तपासण्याची लाट ओसरली नाही. ऑक्सिडीकरणाचं नुकसान पेशीत होतं हे खरंच होतं. ते कारण आहे की परिणाम, एवढाच वाद उरला.

या उंदरावर औषध कसं तपासतात ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. फिरत्या दांड्यावर उंदीर सोडतात आणि तो किती वेळ टिकतो ते घड्याळाने मोजतात. शेपटीने उचलून धरल्यावर निरोगी उंदीर मागचे पाय फाकवतो, आजारी उंदराचे पाय आत वळतात. वजन रोज नोंदतात. शेवटी शेवटी त्याला तोंड उचलून खाता येत नाही, तेव्हा पिंजऱ्याच्या तळाशी ओलं अन्न ठेवतात. आणि मृत्यूची व्याख्या अशी आहे की उंदराला कुशीवर निजवायचं, तो ३० सेकंदांत उठून उभा राहिला नाही तर त्याला त्याच दिवशी वेदनारहित मारायचं आणि ती तारीख मृत्यूची म्हणून लिहायची. आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी की 'उंदीर जास्त जगला' या वाक्यात असे पुष्कळ माणसांचे निर्णय दडलेले असतात. कुशीवर कुणी ठेवलं? त्याला माहीत होतं का, कुठल्या पिंजऱ्यात औषध आणि कुठल्या पिंजऱ्यात साखरेचं पाणी?

१९९६ साली या उंदरांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. आजार उशिरा सुरू झाला. आयुष्य वाढलं नाही. फ्रान्समध्ये २८९ रुग्णांवर ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली, निकाल २००१ साली आले, आयुष्यात फरक नव्हता. कोएन्झाइम क्यू-टेनच्या चाचणीचे निकाल २००९ साली आले आणि पुढे जाण्यात अर्थ नाही असं ठरलं. मिनोसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक उंदरांत फारच चांगलं ठरलं होतं, माणसांत २००७ साली असं निघालं की ते घेणारे रुग्ण अधिक वेगाने खालावले. म्हणजे निरुपयोगी म्हणून सोडून द्यावं तर तेही नाही, अपायकारक.

मग २००८ साली अमेरिकेतल्या एका एएलएस संशोधन संस्थेने आपल्याच कपाटांची झडती घेतली. पाच वर्षांत त्यांनी सत्तरपेक्षा जास्त औषधं १८ हजार उंदरांवर, २२१ प्रयोगांत तपासली होती. इतरांनी ज्या औषधांबद्दल 'आयुष्य वाढलं' असं छापलं होतं, त्यांतली बरीच त्यात होती. एकानेही आयुष्य वाढवलं नाही. मग आधीचे आकडे आले कुठून? उत्तर फार घरगुती निघालं. माद्या नरांपेक्षा काही दिवस जास्त जगतात. औषधाच्या गटात चार माद्या जास्त पडल्या की औषध चाललं. एका वेतातले उंदीर सारखे वागतात. ते एकाच गटात गेले की औषध चाललं. काही उंदरांत ते घातलेलं जनुक पिढ्यांमागून पिढ्या कमी होत जातं. असा एखादा गटात आला की औषध फारच चाललं. आणि कुणी उंदीर मारामारीत मेला तरी तो एएलएसने मेला असं मांडलं गेलं. प्रत्येक गटात किमान २४ उंदीर, नर-मादी समान, वेत विभागून, असा नियम त्यांनी सुचवला. ज्यांनी छोट्या गटांवर निबंध लिहिले ते लबाड होते असं मी म्हणणार नाही. योगायोगाने आलेला चांगला निकाल छापला जातो आणि वाईट निकाल टेबलाच्या खणात राहतो. उंदरांच्या बाबतीत तो खण फार मोठा आहे.

या सगळ्यातून एक औषध मान्यतेपर्यंत पोचलं. एडारावोन. जपानात ते २००१ पासून पक्षाघातावर वापरात होतं, २०१५ साली एएलएससाठी मान्य झालं, २०१७ साली अमेरिकेत. २००८ साली त्याच्या उंदरांवरच्या प्रयोगात औषध लक्षणं सुरू झाल्यावर दिलं होतं. म्हणजे त्या संशोधकांनी उंदराला रुग्णाच्या जागी बसवलं होतं. आयुष्याचे मोठे दावे नव्हते, हालचालींची घसरण मंदावली एवढंच. माणसांवरच्या चाचणीत १३७ निवडक रुग्ण होते, आजार नवा, सगळी कामं अजून स्वतः करणारे. ४८ गुणांच्या मोजपट्टीवर २४ आठवड्यांत औषध घेणारे सरासरी पाच गुणांनी खाली आले, न घेणारे साडेसात गुणांनी. अडीच गुण. हे अडीच गुण म्हणजे हाताने जेवणं आणि दुसऱ्याने भरवणं यांतला फरक असू शकतो, त्याची टिंगल करू नये. पण त्यानंतर जर्मनीतल्या नेहमीच्या रुग्णांचा अभ्यास २०२२ साली आला, त्यात फरक दिसला नाही. युरोपात पोटातून घेण्याच्या एडारावोनची मोठी चाचणी झाली, २०२४ च्या सुरुवातीला तीही फसल्याचं जाहीर झालं. रिलुझोल हे जुनं औषध, जे अँटिऑक्सिडंट नाही आणि ग्लुटामेटचा लोट कमी करतं, ते दोन-तीन महिने आयुष्य वाढवतं. ते स्वस्तही आहे. आजही मी आधी तेच लिहितो.

तर त्या पुतण्याला मी काय सांगतो? लायपोइक आम्लाची गोळी मधुमेहाच्या मुंग्यांसाठी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, तिने सहसा फार मोठा अपाय होत नाही; पण एएलएससाठी तिच्यावर महिन्याचे पैसे घालू नका. ग्लुटाथायोनची सलाईन तर आपल्या शहरांत गोरं होण्यासाठी विकली जाते, आणि तीच बाटली पुढच्या खोलीत मोटर न्यूरॉनच्या रुग्णाला लावली जाते. मला त्याची चीड येते. त्या पैशात रात्री श्वासाला आधार देणारं यंत्र भाड्याने आणा, घास घट्ट-पातळ कसा करायचा ते शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे जा, आखडलेल्या खांद्याला फिजिओथेरपी द्या. यातलं कुठलंच उंदरावर सिद्ध झालेलं नाही, माणसावर झालं आहे.

आधी औषध देण्याचा विचार माणसात अगदीच अशक्य आहे असंही नाही. एसओडी-वन बिघाडासाठी टोफर्सन नावाचं औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झालं. ते बिघडलेल्या प्रथिनाचं उत्पादनच कमी करतं. आता त्याची चाचणी अशा लोकांवर चालली आहे ज्यांच्यात हा बिघाड आहे, रक्तात पेशी मरू लागल्याच्या खुणा वाढताहेत, पण लक्षण एकही नाही. इतक्या वर्षांनी वैद्यकाने उंदराची वेळ गाठायचा प्रयत्न सुरू केला आहे. पण हा बिघाड असलेले एएलएसचे एकूण रुग्ण शंभरात दोनच्या आसपास. उरलेल्यांचा मृग कधी येतो ते कुणाला कळत नाही.

लॅथिरिझमचा मृग मात्र आपल्याला माहीत आहे. म्हणून मी पुन्हा तिवऱ्याकडे येतो. इथे 'आधी' शक्य आहे, आणि ते औषधाच्या दुकानात नाही.

ते कुठे आहे याचा धागा पुन्हा उंदरांतूनच मिळतो. रवींद्रनाथ यांच्या गटाने पुढे मादी उंदरांवर काम केलं. माद्यांवर विषाचा परिणाम होत नव्हता. अंडाशय काढल्यावर होऊ लागला. स्त्री-संप्रेरकामुळे ग्लुटारेडॉक्सिन हे चिकटलेले गंधक सोडवणारं प्रथिन टिकून राहतं आणि ते मायटोकाँड्रियाला वाचवतं असं त्यांनी २००७ साली दाखवलं. लॅथिरिझम बायकांना कमी होतो हे जुन्या डॉक्टरांना ठाऊक होतंच. पूर्वी त्याचं कारण असं सांगत की पुरुषाला मजुरीत तिवरा मिळतो आणि तो जास्त खातो. ते कारणही खोटं नाही, रीवाकडे तर सालगड्याची मजुरीच या दाण्यात दिली जायची. दोन्ही खरं असू शकतं.

बेल्जियमच्या घेंट विद्यापीठातले लाँबाँ आणि इथिओपियाचे गेताहुन यांनी नव्वदच्या दशकातल्या इथिओपियाच्या साथीचा अभ्यास केला. ज्यांनी तिवरा इतर धान्यांत मिसळून खाल्ला, ज्यांच्या कालवणात कांदा, लसूण, आलं होतं, त्यांना धोका कमी. २००३ साली ते छापून आलं. तिवऱ्यात मिथिओनीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी असतं, धान्यांत ते जास्त असतं, आणि शरीर ग्लुटाथायोन याच गंधकापासून बनवतं. उंदरातल्या त्या चिकटलेल्या गंधकाशी हे जोडून पहा. निम्हान्सच्या प्रयोगाने ताटातली कमतरता कुठे जाऊन लागते ते दाखवलं. धोक्याची रेषा साधारण अशी मानतात: आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तिवरा, दोन-तीन महिने सलग. भातासोबत वाटीभर डाळ याच्या कितीतरी अलीकडे आहे. डाळ गरम पाण्यात भिजवून पाणी ओतून दिलं तर विषाचा बराच मोठा भाग जातो, फक्त दुष्काळात पाणी आणि सरपण दोन्ही नसतं आणि ब जीवनसत्त्वंही त्या पाण्याबरोबर जातात, हे सल्ला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

१९६१ साली तिवऱ्याच्या विक्रीवर बंदी आली, लागवडीवर नाही. मध्य प्रदेशाने, म्हणजे तेव्हा त्यातच असलेल्या छत्तीसगढनेही, ती कधी मनावर घेतली नाही. महाराष्ट्रात ती होती, आणि नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी ती उठवावी म्हणून वर्षानुवर्षं उपोषणं केली. त्यांचं सगळंच मला पटत नाही. ते विषाला फारच हलकं लेखत असं मला वाटतं. पण गरिबाचं पीक बंद करून गरिबाचा आजार बरा होत नाही, या त्यांच्या मुद्द्याला उत्तर देणं कठीण होतं. लोक तो पिकवत राहिले, आणि बंदीच्या आडोशाने तो बेसनात आणि तूरडाळीत मिसळला जाऊ लागला.

काम दुसरीकडून झालं. दिल्लीच्या पुसा संस्थेत रतन ही कमी विषाची जात तयार झाली. आणि इथे, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात, प्रतीक आणि महातिवरा. महातिवरा २००८ सालची. या जातींत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत आहे, जुन्या गावठी दाण्यात त्याच्या कित्येक पट असू शकतं. २०१६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या तीन जातींना हिरवा कंदील दाखवला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदियात आणि छत्तीसगढच्या या पट्ट्यात पाहण्या केल्या. खाण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं, आजार तुरळक. स्वस्त तांदूळ घरात आल्याचा यात मोठा वाटा आहे असं माझं मत आहे.

म्हणजे प्रश्न संपला का? नाही. तिवऱ्याच्या फुलावर मधमाशी येते आणि शेजारच्या बांधीतल्या गावठी फुलाचा पराग महातिवऱ्याला लावून जाते. काही हंगामांत विष पुन्हा वर चढतं. दुष्काळी ताणात, आणि जमिनीत जस्त कमी व लोह जास्त असलं की, दाण्यातलं विष आणखी वाढतं. म्हणजे ज्या वर्षी माणूस तिवऱ्यावर जगणार, त्याच वर्षी तिवरा जास्त विषारी. बियाणं दर काही वर्षांनी बदलायला हवं आणि दाणा तपासायला हवा. ही तपासणी अवघड नाही. ज्या राव यांनी हे विष शोधलं, त्यांनीच १९७८ साली ते मोजण्याची एक रंगक्रिया बसवली. दाणा दळायचा, अर्क काढायचा, क्षारात उकळायचा, ऑर्थोथॅलाल्डिहाइड घालायचं आणि आलेला पिवळा रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचा. हे यंत्र इथल्या विज्ञान महाविद्यालयांत असतं, फार्मसीच्या विद्यार्थ्यांना ते वापरता येतं. दर फेब्रुवारी-मार्चला रायपूर, धमतरी, दुर्गच्या मंडीतून दाण्यांचे नमुने आणून हा रंग वाचायचा आणि आकडे जाहीर करायचे, एवढं एखाद्या महाविद्यालयाने अंगावर घ्यावं. खर्चाचा अंदाज मी काढून आणला आहे, तो कार्यकर्त्यांकडे देऊन जातो.